मंगळवारची फाइल

आईच्या अस्थी टी. नरसीपूरच्या संगमावर सोडून आलो तो रविवार होता. मंगळवारी मी कामावर हजर झाले. लग्न झालेल्या मुलीला सुतक तीनच दिवसांचं, त्यामुळे रजाही मी चारच दिवसांची टाकली होती. बुधवारी दुपारी मेल आला. माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपची एका अनोळखी कॉम्प्युटरशी नऊ दिवसांत सत्तेचाळीस फाइलींची देवाणघेवाण झाली आहे, बाहेर गेलेल्यांमध्ये गिऱ्हाइकांची सहा गोपनीय ड्रॉइंग आहेत, आजच लेखी खुलासा द्यावा आणि उद्या अकरा वाजता समक्ष हजर राहावं.

मेल मी दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचला तो फक्त आकडे बघायला. घाबरायला हवं होतं हे मला कळत होतं. आदल्या वर्षी डिझाइन विभागातल्या दोघांना अशाच कारणावरून काढलं होतं. सकाळी बोलावलं आणि दुपारी गेटवर त्यांची ओळखपत्रं काढून घेतली. कडकोळच्या त्या कारखान्यात मी चौदा वर्षं गुणवत्ता विभागाची कागदपत्रं सांभाळते. माझा नवरा हेब्बाळच्या एका कंपनीत होता, तो दोन वर्षांपूर्वी घरी बसला. पन्नाशी उलटलेल्या बाईला म्हैसूरमध्ये या कामाची दुसरी नोकरी कुणी देणार नव्हतं. हे सगळं मला माहीत होतं, पण वाटत काहीच नव्हतं. मी ड्रॉवरमधून कोरा कागद काढला आणि खुलाशाचे रकाने आखायला घेतले.

माझं काम थोडक्यात सांगते, कारण पुढचा घोटाळा त्यातूनच झाला. आम्ही पंपांचे व्हॉल्व्ह बनवतो. प्रत्येक व्हॉल्व्हचं ड्रॉइंग असतं, प्रत्येक ड्रॉइंगला नंबर असतो, आणि त्यात रेघ जरी बदलली तरी नवी रिव्हिजन होते. शून्य, एक, दोन अशी. नंबर नसलेला कागद आमच्याकडे कागद धरत नाहीत. चौदा वर्षांनी ही सवय घरी आली होती. मुलीच्या गुणपत्रिका, विजेची बिलं, गच्चीच्या दुरुस्तीचे कागद, सगळ्यांना मी नंबर घालते. आई आजारी पडली तेव्हा तिच्या कागदांनाही घातले. ए म्हणजे आई. ए-आर म्हणजे तिचे रिपोर्ट, ए-पी म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठ्या. पुण्याला असलेल्या भावाला पहिला रिपोर्ट पाठवला तेव्हा त्याने फोन केला होता.

"ताई, आईला पण पार्ट नंबर दिलास?"

"तुला सापडला ना लगेच?"

"सापडला. आता गॅरंटी कार्ड कुठे आहे ते पण सांग."

तेव्हा आई चालत होती.

दुसरी गोष्ट आमच्या जेवणाच्या टेबलाची. घरून काम करायची पाळी आली त्या वर्षी नवऱ्याने टेबलावर डावीकडे माझा ऑफिसचा लॅपटॉप आणि उजवीकडे घरचा कॉम्प्युटर मांडला आणि दोन्हींना मिळून एकच कीबोर्ड, एकच माउस ठेवला. त्यासाठी त्याने दोन्हीकडे एक छोटा प्रोग्रॅम घातला. माउसचा बाण लॅपटॉपच्या उजव्या कडेला नेला की तो घरच्या पडद्यावर निघतो. इकडे कॉपी केलेलं वाक्य तिकडे चिकटवता येतं. कॉम्प्युटर विभागाला मी फोनवर विचारलं होतं, त्यांनी हो म्हटलं होतं. लेखी मागितलं नाही. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याला सोडलं नसतं.

हा प्रोग्रॅम मधल्या काळात आपोआप नवा झाला. आधी तो फक्त अक्षरं पोचवायचा, नंतर अख्ख्या फाइली पोचवायला लागला. एका बाजूला फाइल कॉपी केली आणि नंतर बाण कड ओलांडून पलीकडे गेला, की ती फाइल पलीकडच्या यंत्रात एका कोपऱ्यातल्या फोल्डरमध्ये जाऊन पडायची. तिकडे चिकटवा अगर नका चिकटवू. पडद्यावर काही दिसत नव्हतं. आणि कंपनीने याच सुमाराला लॅपटॉपवर पहारेकरी बसवला होता, जो प्रत्येक आली-गेली फाइल वेळेसकट लिहून ठेवतो. या दोन्ही गोष्टी मला ठाऊक नव्हत्या.

त्या नऊ दिवसांत मी त्या टेबलावरून फारशी उठले नाही. आई मागच्या खोलीत होती. चार वर्षांपूर्वी बाबा गेल्यावर मी तिला सांगलीहून इकडे आणलं होतं. तिची मूत्रपिंडं गेली होती. त्यातल्या शनिवारी डॉक्टर म्हणाले, आता इस्पितळात आणू नका, घरीच ठेवा, आठ-दहा दिवस धरा. मी आठ-दहा दिवस धरले. दिवसा एक परिचारिका यायची. मी टेबलावर बसून ड्रॉइंग इकडच्या फोल्डरमधून तिकडे ठेवायचे, मधेच उजवीकडे जाऊन रक्ताचा रिपोर्ट उतरवायचे, नंबर घालायचे, डॉक्टरांना आणि भावाला पाठवायचे, परत डावीकडे यायचे. प्रत्येक खेपेला काहीतरी कड ओलांडत होतं.

सोमवारी भावाचा फोन आला.

"ताई, मी निघू का आत्ता?"

"आत्ता येऊन काय करणार? आठवडा आहे म्हणालेत. तुझं इन्स्पेक्शन कधी संपतंय?"

"शुक्रवारी."

"मग शनिवारी ये. तिकीट मी काढते."

"नक्की ना?"

"अरे, मी इथे आहे ना."

शनिवार सकाळचं विमानाचं तिकीट मी लगेच काढलं. मग त्याच बैठकीत आईच्या निवेदनाची फाइल उघडली.

हे निवेदन म्हणजे काय ते सांगायला हवं. इथल्या मराठी लोकांचा फोनवर एक ग्रुप आहे. नोकरीसाठी आलेले आमच्यासारखे आणि पिढ्यान्‌पिढ्या इथे असलेले, असे दोन्ही त्यात आहेत. कुणी गेलं की फोटो असलेलं एक चित्र टाकायचं. वर मराठीत, खाली कन्नडात, कारण जुन्या घरांतल्या मुलांना मराठी वाचता येत नाही आणि शेजारपाजारचे तर कन्नडच. माझे सासरे गेले तेव्हा हे चित्र कुणी करायचं यातच तीन तास गेले. ते ग्रुपवर पडलं तेव्हा आम्ही स्मशानातून परतत होतो. सत्तर-ऐंशी माणसं हार घेऊन रिकाम्या घराशी आली. दार लावलेलं. मी ती माणसं रस्त्यावर उभी पाहिली होती. तेव्हाच ठरवलं होतं की आपल्या हातात असेल तर असं पुन्हा होऊ द्यायचं नाही.

म्हणून सोमवारी मी आईचा पासपोर्टचा फोटो घेतला, वर-खाली मजकूर लिहिला, तारखेची आणि वेळेची जागा मोकळी ठेवली. नंबर घातला ए-एन-०१, रिव्हिजन शून्य. मंगळवारी दुपारी कन्नड मजकूर सुधारून रिव्हिजन एक केली आणि तपासायला समोरच्या बाईंना पाठवली. त्यांचं घर इथलं जुनं. आजोबा कापड रंगवायचे आणि छापायचे, मुलगा आता मोटारींचे सुटे भाग विकतो. दहाव्या मिनिटाला त्या डबा घेऊन दारात हजर. चपला काढता काढताच कुजबुजायला लागल्या.

"अय्यो वहिनी, आजी आत आहेत अल्वा, हो ना? आणि मग हे काय मत्ते?"

"कन्नड बरोबर आहे का तेवढं बघा."

"ते बघितलं की. शेवटची ओळ स्वल्प चुकलीय. पण आत्ताच कशाला हो? मनाला कसं तरी होतं."

"मनाचं नंतर बघू. कुठली ओळ?"

"आमची अज्जी म्हणायची, असं आधी लिहून ठेवलं की यम पत्ता वाचून येतो."

"पत्ता अजून घातलेला नाही."

त्यांनी डबा ओट्यावर ठेवला, डोळ्यांवर चष्मा चढवला आणि शेवटची ओळ सांगितली. मी ती टाइप केली. जाताना त्या आईच्या खोलीत डोकावल्या, तिच्या पायांवरची चादर नीट केली आणि मला म्हणाल्या, "तुम्ही जेवा आधी. सांबार निवतंय."

गुरुवारी अकराला दहा मिनिटं कमी असताना आई गेली. परिचारिकेने हाक मारली तेव्हा मी एका ड्रॉइंगचा नंबर तपासत होते. मी गेले, बघितलं, डॉक्टरांना फोन केला, मग भावाला. त्याला विमान मिळालं तरी बंगळूरहून गाडीने यायला संध्याकाळ होणार होती आणि स्मशान सहाला बंद होतं. म्हणून शुक्रवारी सकाळी नऊ ठरवलं. मोकळ्या जागा भरल्या. अकरा चाळीसला निवेदन ग्रुपवर गेलं. शुक्रवारी माणसं वेळेवर आली. आमचे सरही आले होते, आमच्या विभागाचे प्रमुख. त्यांनी आईला हार घातला आणि रडले. त्यांची स्वतःची आई गेल्याला वर्ष झालेलं नव्हतं. मी रडले नाही. बरीच कामं होती.

भाऊ गुरुवारी संध्याकाळी साडेसातला पोचला होता. तो सरळ मागच्या खोलीत गेला. मी दार ओढून घेतलं.

तर, चौकशी. टेबलाच्या त्या बाजूला आमचे सर, मनुष्यबळ विभागाची तरुण बाई आणि बंगळूरहून आलेला सुरक्षा अधिकारी. तिशीचा असेल, सभ्य, समोर पहारेकऱ्याच्या नोंदींचा छापील गठ्ठा. बोलणं कन्नडात आणि इंग्रजीत झालं, इथे मी मराठीत लिहिते आहे.

"मॅडम, तुमचा खुलासा वाचला," तो म्हणाला. "तुम्ही म्हणता सत्तेचाळीसपैकी एकेचाळीस फाइली कंपनीच्या नाहीतच."

"नाहीत."

"पण नावं कंपनीसारखी आहेत. नंबर, रिव्हिजन, सगळं. म्हणून तर आमच्याकडे लाल दिवा लागला. घरच्या कागदांना असे नंबर कोण घालतं?"

"ह्या घालतात," सर म्हणाले. "ह्यांच्या स्वयंपाकघरात मिठाच्या डब्यालाही रिव्हिजन असेल."

मनुष्यबळवाली बाई हसली आणि माझी आई जाऊन आठच दिवस झालेत हे आठवून लगेच गप्प झाली.

"आम्ही फाइली उघडलेल्या नाहीत," अधिकारी म्हणाला. "खाजगी असतील तर तुमच्या परवानगीशिवाय उघडणार नाही. मी नंबर वाचतो, तुम्ही सांगा. ए-आर-१९?"

"रक्ताचा रिपोर्ट. क्रिएटिनिन."

"ए-आर-२०?"

"तोच. दुसऱ्या दिवशीचा."

"ए-पी-११?"

"औषधाची चिठ्ठी. दुखणं थांबवायचं."

"ए-पी-११, रिव्हिजन एक?"

"तेच औषध. डोस वाढवलेला."

"रिव्हिजन दोन?"

"आणखी वाढवलेला."

असं चाळीस मिनिटं चाललं. तो वाचत होता, मी सांगत होते, ती बाई लिहून घेत होती. मी बघितलं की मला प्रत्येक नंबर पाठ होता. तारखेसकट. सर मधेच खिडकीबाहेर बघायला लागले.

मग ती सहा ड्रॉइंग. खरा प्रश्न तोच होता. ती बाहेर गेली होती हे नाकारण्यात अर्थ नव्हता. ती मी पाठवली की आपोआप गेली, एवढंच ठरायचं होतं. माझं म्हणणं मी कागदावर मांडलं होतं. चोरी करायची असती तर सहाच का, आणि तीही एकमेकांशी संबंध नसलेली? मी ड्रॉइंग इकडे कॉपी केलं, बाण घरच्या कॉम्प्युटरकडे नेला, ड्रॉइंग बाहेर गेलं. तिकडे मी आईची एखादी फाइल कॉपी केली, बाण परत आणला, ती फाइल आत आली. म्हणजे बाहेर गेलेल्या प्रत्येक ड्रॉइंगच्या पाठोपाठ, दोन-तीन मिनिटांत, आईची एक फाइल आत आलेली दिसली पाहिजे. त्याने नोंदी ताडून पाहिल्या. पहिली जोडी जुळली. दुसरी, तिसरी. पाचही जुळल्या. त्याच्या आवाजातला ताण कमी झाल्याचं मला कळलं.

"सहावी," तो म्हणाला. "हे ड्रॉइंग सगळ्यांत महत्त्वाचं आहे. या गिऱ्हाइकाशी आमचा वेगळा करार आहे. मंगळवार, तीन अडतीसला बाहेर. आणि तीन चाळीसला आत आलं ए-एन-०१, रिव्हिजन एक." त्याने माझा खुलासा उलटला. "तुम्ही लिहिलंय, आईच्या निधनाचं निवेदन."

"हो."

"मॅडम, तुमच्या रजेच्या अर्जात निधन गुरुवारी आहे."

"हो. गुरुवारी."

"मग मंगळवारी निवेदन कसं?"

खुलासा लिहिताना मी तारखांकडे बघितलंच नव्हतं. मी फक्त नंबर काय आहे ते लिहीत गेले होते.

सर पुढे झुकले. "अहो, लॅपटॉपचं घड्याळ चुकलं असेल. होतं असं. त्या दिवसांत बाईंच्या मागे काय कमी होतं?"

त्यांना मला वाचवायचं होतं, आणि त्याहून जास्त, तो प्रश्न थांबवायचा होता. मला फक्त मान हलवायची होती.

"घड्याळ चुकलं असेल तर सगळ्याच वेळा चुकल्या, सर," अधिकारी म्हणाला. "मग मी या जोड्या कशा धरू? मग ड्रॉइंग आपोआप गेली याला पुरावा काही राहत नाही."

"घड्याळ बरोबर आहे," मी म्हटलं. "निवेदन मी मंगळवारीच तयार केलं. उघडून बघा."

"नक्की?"

"परवानगी आहे. उघडा."

त्याने ते भिंतीवरच्या पडद्यावर उघडलं. आईचा पासपोर्टचा फोटो. पासपोर्ट काढला खरा, गेली ती कुठेच नाही. वर मराठी, खाली कन्नड. 'दिनांक' या शब्दापुढे मोकळी जागा. 'सकाळी/सायंकाळी' आणि पुढे मोकळी जागा. ग्रुपवरचं भरलेलं निवेदन सरांनी आठवड्यापूर्वी पाहिलं होतं. आता ते रिकाम्या जागा बघत होते. त्यांनी चष्मा काढला आणि टेबलावर ठेवला.

मनुष्यबळवाल्या बाईने अगदी हळू विचारलं, "मॅडम, तेव्हा अम्मा...?"

"आतल्या खोलीत होती."

"जिवंत?"

"हो."

"मग आधीच का?" हे तिने नोंदीसाठी विचारलं नव्हतं. तिचं पेन थांबलेलं होतं.

"त्या दिवशी वेळ मिळणार नव्हता," मी म्हटलं. "मिळालाही नाही."

अधिकाऱ्याने सहाव्या जोडीपुढे खूण केली. मला बाहेर बसवलं. वीस मिनिटांनी आत बोलावून निकाल सांगितला. हेतू आढळला नाही. लेखी ताकीद, घरून काम कायमचं बंद, आणि ती सहा ड्रॉइंग आजच्या आज घरच्या कॉम्प्युटरवरून अधिकाऱ्यासमोर पुसायची. नोकरी राहिली. मी आभार मानले. निघताना सरांना नमस्कार केला. त्यांनी तो घेतला, पण बघितलं नाही. शुक्रवारी त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला होता.

कंपनीच्या गाडीत अधिकारी पुढे बसला, मी मागे. तो सारखा फोन बघत होता. घरी भावाने दार उघडलं. नवरा दहाव्याची तयारी करायला गुरुजींकडे गेला होता. भाऊ तेराव्यापर्यंत राहणार होता, दाढी वाढलेली, सगळे विधी त्याच्याकडेच. मी त्याला सांगितलं, ऑफिसचं काम आहे, पाच मिनिटांचं. त्याने अधिकाऱ्याला ताक आणून दिलं आणि आमच्या मागे उभा राहिला.

अधिकाऱ्याने कोपऱ्यातलं ते फोल्डर उघडलं. ड्रॉइंग सहाच होती. ती पुसली, कचऱ्यातूनही काढली. मग म्हणाला, आणखी कुठे प्रत पडलेली नाही ना ते बघावं लागेल. आणि कॉम्प्युटरवरच्या सगळ्या फाइली त्याने तारखेप्रमाणे लावल्या. नऊ दिवस पडद्यावर एकाखाली एक आले. भावाला माझे नंबर वाचता येतात. ए-आर, ए-पी, एवढे महिने तेच तर त्याला जात होते.

"ए-एन काय?" त्याने विचारलं.

"निवेदन."

"रिव्हिजन शून्य, सोमवार?"

अधिकारी पडद्याकडे बघत होता, पण त्याचा हात माउसवर थांबला होता. त्याला मराठी येत नव्हतं. बहुधा लागतही नव्हतं.

"चार वाजून दहा," भाऊ म्हणाला. "मी तुला साडेतीनला फोन केला होता. निघू का म्हणून."

"डॉक्टर आठ-दहा दिवस म्हणाले होते."

"म्हणजे फोन ठेवलास आणि हे केलंस."

"आधी तुझं तिकीट काढलं. मग हे."

हे मी खरं म्हणून सांगितलं. तेव्हा ते मला महत्त्वाचं वाटलं.

"ताई, तुला माहीत होतं."

"शनिवारपर्यंत राहील असं वाटलं होतं. हे कधीही लागलं असतं, म्हणून करून ठेवलं. दोन्ही वेगळं आहे."

"वेगळं आहे," तो म्हणाला.

अधिकाऱ्याने घसा साफ केला. त्याने बॅगेतून एक छापील कागद काढला. ड्रॉइंग पुसल्याचं प्रमाणपत्र. खाली माझी सही, त्याची सही, आणि तिसरी ओळ साक्षीदाराची. घरातलं कुणीही चालेल, तो इंग्रजीत म्हणाला. मी सही केली. भावाने खुर्ची ओढली, कागद पूर्ण वाचला, सहाही ड्रॉइंगचे नंबर वाचले आणि सही केली. तारीख घातली. घड्याळ बघून वेळ घातली, पाच पंचवीस. अधिकाऱ्याने आम्हा दोघांना नमस्कार केला, अम्मांबद्दल वाईट वाटलं असं मला कन्नडात सांगितलं आणि तो गेला.

भाऊ तिथेच बसून राहिला. मी ताकाचा पेला उचलला.

"मंगळवारी ती बोलत होती का?" त्याने विचारलं.

"हो. मंगळवारी दुपारपर्यंत."

"काय बोलली?"

"पंखा कमी कर म्हणाली."

"आणखी?"

"तुझं विचारलं. मी सांगितलं, शनिवारी येतोय."

"मग?"

"बरं म्हणाली."